काउआई दीर्घकालीन अभ्यास

हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांच्या चाळिशीपर्यंत केलेला पाठपुरावा. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ ही त्यातली प्रमुख नावे. मुले १, २, १०, १८, ३२ आणि ४० वर्षांची असताना त्यांची माहिती घेतली गेली. बेटावरची बरीच कुटुंबे मळ्यांवर राबणाऱ्या जपानी, फिलिपिनो मजुरांच्या वंशातली होती.

सुमारे तिसरा हिस्सा मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्मवेळच्या अडचणी, घरातली भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार, असे बरेच काही एकदम आले होते. त्यांतली दोन तृतीयांश मुले दहाव्या वर्षापर्यंत अभ्यासात किंवा वागण्यात अडखळली, नाहीतर अठराव्या वर्षापर्यंत पोलिसांच्या नोंदीत वा मानसिक त्रासात सापडली. उरलेली ७२ मात्र नीट वाढली. या अभ्यासाचे खरे मोल या ७२ जणांत आहे.

त्यांना कोणी सावरले? बहुतेक वेळा घरातलेच किंवा शेजारचे माणूस. आईवडिलांचे लक्ष नसले तरी आजी, मावशी, थोरली बहीण अशा एकीने तरी बाळाला लळा लावलेला असे. पुढे आवडते शिक्षक, चर्चमधले वडीलधारे, युवक मंडळे यांचा आधार मिळे. मायेबरोबर शिस्तही होती. घराला नियम असलेल्या आणि समोर पुरुषाचा चांगला आदर्श असलेल्या मुलग्यांना त्याचा विशेष फायदा झाला. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखी कामे अंगावर पडल्याने आपली कोणाला तरी गरज आहे हेही मुलांना कळले. अडचणीत ती समुपदेशकापेक्षा अशा ओळखीच्या माणसांकडेच जास्त वळत.

यातून कार्यकारणभाव काढताना जपावे लागते. हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होते. ही ७२ मुले तान्हेपणीच हसरी, शांत होती. अशा मुलाला माणसे आपसूक जवळ घेतात, त्यामुळे आधाराने स्वभाव घडला की स्वभावाने आधार ओढून आणला, हे पुरते वेगळे करता येत नाही.

किशोरवयात बिघडलेल्यांची पुढची हकीकत तितकीच महत्त्वाची आहे. त्यांतले बहुतेक जण मोठेपणी गुन्हेगार राहिले नाहीत. कोणाला सैन्यातल्या नोकरीने, कोणाला उशिरा घेतलेल्या कॉलेज शिक्षणाने, कोणाला समजूतदार जोडीदाराने, तर कोणाला धर्मसंघाने वळण लावले.