कॅपिटल अक्षर आणि अवतरणचिन्ह: कोणाचं काम कोणतं?

इंग्रजीत एखादा शब्द ठळकपणे दिसावा असं वाटलं की हात दोनच गोष्टींकडे जातो. पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, नाहीतर शब्द अवतरणचिन्हांत टाकायचा. दोन्हींचा अर्थ ‘हे महत्त्वाचं आहे’ असाच होतो, असं अनेकजण धरून चालतात. पण यातलं एकही त्या कामाचं नाही. कॅपिटल अक्षर सांगतं की इथे वाक्य सुरू झालं, किंवा हे विशेषनाम आहे. अवतरणचिन्ह सांगतं की हे शब्द माझे नाहीत.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही, त्यामुळे आपली गल्लत आधी तिथेच होते. अर्जात मॅनेजर, प्रोजेक्ट, एक्स्पीरियन्स असे सगळे वजनदार शब्द कॅपिटलने सुरू केलेले दिसतात. शब्दाचं वजन इथे बघायचंच नसतं. ‘आय कॉल्ड मदर’ यात मदरचा एम कॅपिटल, पण ‘आय कॉल्ड माय मदर’ यात स्मॉल. कारण पहिल्या वाक्यात मदर हे नावासारखं वापरलंय. शंका आली तर त्या जागी एखादं नाव घालून बघा: ‘आय कॉल्ड सीता’ चालतं, ‘आय कॉल्ड माय सीता’ कानाला खटकतं. अंकल, डॉक्टर यांनाही हीच कसोटी लागू पडते.

वार आणि महिने कॅपिटल, पण समर-विंटर स्मॉल. फिजिक्स, हिस्टरी स्मॉल. इंग्लिश आणि फ्रेंच मात्र भाषांची नावं म्हणून कायम कॅपिटल. जुनी कागदपत्रं वाचून गोंधळ वाढू शकतो. 1787 सालच्या अमेरिकेच्या संविधानात साध्या सामान्यनामांनाही सर्रास कॅपिटल अक्षरं आहेत. तेव्हा तशी रीत होती, आज नाही. करारात मात्र ‘द कंपनी’चा सी आजही कॅपिटल असतो, कारण कोणती कंपनी हे सुरुवातीलाच ठरवून दिलेलं असतं.

अवतरणचिन्हाची चूक जास्त महागात पडते. कॅपिटल चुकलं तर लिहिणारा कच्चा वाटतो, एवढंच. अवतरणचिन्ह चुकलं तर अर्थच उलटतो. पाटीवर ‘फ्री’ हा एकटा शब्द अवतरणचिन्हांत दिसला की इंग्रजी वाचणाऱ्याला शंका येते: म्हणजे म्हणायला फुकट, प्रत्यक्षात पैसे घेणार! लिहिणाऱ्याने जोर देण्यासाठी घातलेली चिन्हं वाचणाऱ्याला टोमणा वाटतात. जोरच द्यायचा असेल तर त्यासाठी इटॅलिक किंवा बोल्ड अक्षरं आहेत. सगळाच शब्द कॅपिटलमध्ये लिहिला तर ओरडल्यासारखं वाटतं, तेही टाळलेलं बरं.

दोन्ही एकत्र येतात ते कोणाचं बोलणं जसंच्या तसं देताना. ‘शी सेड’नंतर स्वल्पविराम देऊन “द ट्रेन इज लेट” हे पूर्ण वाक्य दिलं, तर अवतरणाच्या आतला टी कॅपिटल. तिच्या बोलण्यातला “व्हेरी लेट” एवढाच तुकडा आपल्या वाक्यात गुंफला, तर व्ही स्मॉल. आणि ‘शी सेड दॅट द ट्रेन वॉज लेट’ असं आपल्या शब्दांत सांगितलं, तर अवतरणचिन्ह नकोच. एकच वाक्य मध्ये ‘शी सेड’ घालून तोडलं, तर उरलेला भाग स्मॉलने सुरू होतो. इथे बहुतेक जण नकळत कॅपिटल टाकतात.

एकेरी की दुहेरी, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अमेरिकेत बाहेर दुहेरी आणि अवतरणाच्या आत दुसरं अवतरण आलं तर त्याला एकेरी. ब्रिटनमध्ये अनेकदा याच्या उलट. एका लेखनात एकच पद्धत पाळा, म्हणजे झालं. खरी अडचण शेवटच्या विरामचिन्हाची. अमेरिकी पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम डोळे झाकून अवतरणाच्या आत जातात. ब्रिटिश पद्धतीत ते मूळ बोलण्याचे असतील तरच आत. प्रश्नचिन्हाला दोन्हीकडे एकच नियम: प्रश्न बोलणाऱ्याचा असेल तर आत, आपला असेल तर बाहेर.

उतारा दोन-तीन परिच्छेदांचा असेल, तर सुरुवातीचं चिन्ह प्रत्येक परिच्छेदाला लागतं, बंद करणारं मात्र फक्त शेवटच्या परिच्छेदाला. छापणाऱ्याची चूक वाटते, पण नियमच तसा आहे.