चिनी मातीचे रणगाडे, तोफा आणि पाणबुड्या: खरेदीपूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्या दुकानातील काचेच्या कपाटात तळहातावर मावतील असे पांढरे रणगाडे, पाणबुड्या आणि रुग्णवाहिका पाहून ही खेळणी आहेत का, असे बरेच ग्राहक विचारतात. ही खेळणी नव्हेत. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातील कारखान्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरची काही वर्षे या वस्तू घडवल्या आणि त्या सहलीची आठवण म्हणून विकल्या गेल्या. गावोगावची मानचिन्हे, म्हणजे त्या त्या गावाची ढालीच्या आकाराची अधिकृत चिन्हे, रंगवलेली लहान भांडी विकण्याचा प्रघात डब्ल्यू. एच. गॉस यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडला होता. अशीच मानचिन्हे असलेल्या युद्धसामग्रीच्या प्रतिकृतींत मात्र आर्केडियन, कार्लटन, ग्राफ्टन, शेली, सॅव्हॉय अशा छापांचाच भरणा अधिक आढळतो. युद्धापूर्वी या प्रकारचा स्वस्त माल जर्मनीहून मोठ्या प्रमाणावर येत असे. तो बंद झाल्यामुळे या कारखान्यांना मैदान मोकळे मिळाले.

सर्वाधिक मागणी रणगाड्यांना असते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत रणगाडा प्रथम उतरला, तेव्हा वळणे सोपे व्हावे म्हणून त्याच्या मागे दोन चाके जोडलेली होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. प्रतिकृतीही चाकांसह आणि चाकांविना अशा दोन्ही प्रकारच्या मिळतात. मोडलेली चाके घासून सपाट केलेला नग मुळातच बिनचाकांचा म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो, त्यामुळे रणगाडा नेहमी मागून पाहावा आणि झिलई सलग आहे ना, हे बोट फिरवून तपासावे. तोफेची नळी आणि विमानाचा पंखा हे भागही असेच दगा देतात. रंग देऊन झाकलेली दुरुस्ती अतिनील दिव्याखाली सहसा उठून दिसते. तो दिवा आमच्याकडे आहे, नि:संकोच मागावा.

मानचिन्ह कोणत्या गावाचे, यापेक्षा वस्तूचा आकार आणि ती शाबूत आहे का, याला आम्ही अधिक महत्त्व देतो. अपवाद जुळणाऱ्या जोडीचा: रणगाडे ज्या लिंकन शहरात घडले, त्याचे मानचिन्ह असलेला रणगाडा मिळाल्यास संग्राहक आनंदाने चार पैसे जास्त मोजतात, आणि ते आम्हाला रास्त वाटते.

मानचिन्हाचे रंग आणि कडेचा सोनेरी मुलामा झिलईच्या वर असतो. त्यामुळे वस्तू कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, भांडी घासण्याची पूड किंवा काथ्या लावू नये आणि भांडी धुण्याच्या यंत्रात तर मुळीच घालू नये.

यांपैकी बहुतेक वस्तू आता शंभर वर्षांपलीकडच्या आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार कारागिरीच्या इतक्या जुन्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर निर्बंध असल्यामुळे, परदेशातील नातेवाइकांना भेट पाठवण्याचा विचार असल्यास आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी. दुरुस्त केलेला प्रत्येक नग आम्ही पावतीवर तशी नोंद करूनच विकतो.