प्रवासी जेटच्या मर्यादा कशा मोजल्या जातात

नव्या प्रवासी जेट विमानाला परवाना मिळण्याआधी त्याच्या शेपटीखाली एक जाड संरक्षक पट्टी बसवली जाते, आणि ती धावपट्टीवर घासण्यासाठीच बसवलेली असते. चाचणी वैमानिक नेहमीपेक्षा बराच आधी, वेग अजून अपुरा असतानाच, विमानाचे नाक वर उचलतो. शेपूट जमिनीला टेकते, पट्टीतून धूर आणि ठिणग्या निघू लागतात, आणि पंखांचे बल विमानाचे वजन पेलण्याइतके होऊन चाके जमीन सोडेपर्यंत विमान त्याच स्थितीत धावत राहते. ज्या वेगाला हे घडते, तो त्या वजनाला आणि पंखांवरील फ्लॅपच्या (कमी वेगातही अधिक बल मिळावे म्हणून बाहेर काढता येणाऱ्या पट्ट्यांच्या) त्या स्थितीला जमीन सोडण्याचा किमान वेग. नियमानुसार प्रवासी घेऊन जाणाऱ्या विमानाने सर्व इंजिने चालू असताना साधारणतः याहून किमान १० टक्के अधिक वेगाने, आणि एक इंजिन बंद पडले असताना किमान ५ टक्के अधिक वेगाने जमीन सोडली पाहिजे. म्हणजे उड्डाणापूर्वी वैमानिक जे वेग संगणकातून काढतो, त्यांच्या मुळाशी ही घासलेली शेपूट असते.

अशा चाचण्यांमागे साहसाची हौस असते, असा समज सहज होतो. माझ्या मते तो या कामावर अन्याय करणारा आहे, कारण येथे आधी आकडेमोड होते आणि उड्डाण नंतर. पवनबोगद्यातील प्रयोग आणि संगणकीय गणिते यांवरून अभियंत्यांनी प्रत्येक मर्यादेचे भाकीत केलेले असते. चाचणी त्या भाकिताला प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहते, आणि दोन्ही जुळले तरच पुढची, थोडी अधिक कठीण पायरी घेतली जाते. म्हणून चाचणी विमानाचे अंतरंग प्रयोगशाळेसारखे असते. प्रवाशांच्या आसनांच्या जागी पाण्याच्या टाक्या रांगेने बसवलेल्या असतात आणि उड्डाण चालू असताना पंपाने पाणी पुढच्या टाक्यांतून मागच्या टाक्यांत, किंवा उलट, नेता येते, म्हणजे एकाच उड्डाणात विमानाचा गुरुत्वमध्य हवा तसा सरकवता येतो. मोजमापाच्या असंख्य तारा नारिंगी रंगाच्या असतात, जेणेकरून विमानाच्या मूळ तारांत त्यांची सरमिसळ होऊ नये. काही चाचण्यांत शेपटीच्या टोकावरून एक लांब नळी सोडलेली असते आणि तिच्या टोकाला शंकू असतो. विमानाच्या भोवतीची हवा विमानामुळेच विस्कटते, त्यामुळे हवेचा खरा दाब विमानापासून इतका दूर जाऊन मोजावा लागतो. उंची आणि वेग यांची सारी मोजमापे या दाबावर अवलंबून असल्यामुळे येथे चूक झाली, तर पुढचे सगळेच चुकते.

सर्वांत मूलभूत मर्यादा स्टॉलची. पंख समोरून येणाऱ्या हवेशी करत असलेला कोन वाढत गेला की वर उचलणारे बलही वाढते, पण एका कोनानंतर पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारा प्रवाह सुटतो आणि बल घटते. चाचणीत वैमानिक पुरेशा उंचीवर जाऊन वेग साधारण सेकंदाला १ नॉट (ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) इतक्या संथ गतीने कमी करत नेतो, आणि नाक स्वतःहून खाली पडेपर्यंत किंवा नियंत्रणदांडा पूर्ण मागे ओढूनही नाक आणखी वर जाईनासे होईपर्यंत थांबत नाही. पंख समतल ठेवून केलेल्या स्टॉलमध्ये सावरताना विमान एका बाजूला सुमारे २० अंशांहून अधिक कलता कामा नये, असा दंडक आहे. ही कसोटी वेगवेगळी वजने, फ्लॅपच्या स्थिती आणि गुरुत्वमध्याच्या जागा घेऊन पुन्हा पुन्हा केली जाते, आणि पंखांच्या पुढच्या कडेला बर्फाच्या आकाराचे कृत्रिम तुकडे चिकटवूनही केली जाते. तिच्यातून मिळालेल्या संदर्भ वेगाच्या किमान १.२३ पट वेगाने विमान उतरण्यासाठी धावपट्टीकडे येते.

या चाचणीची किंमत मोजलेली आहे. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बीएसी वन-इलेव्हन या विमानाचा पहिला नमुना स्टॉलच्या चाचणीत कोसळला आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. या विमानाची इंजिने मागे होती आणि आडवी शेपूट उभ्या शेपटीच्या माथ्यावर बसवलेली होती. नाक फार वर गेले तेव्हा पंखांमागची विस्कटलेली, मंद हवा नेमकी त्या आडव्या शेपटीवर आली. त्यामुळे नाक खाली आणण्याचे साधनच निकामी झाले, आणि विमान जवळजवळ सपाट स्थितीत खाली येत राहिले. या अपघातानंतर अशा रचनेच्या विमानांत स्टॉल जवळ येताच नियंत्रणदांडा आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा बसवली जाऊ लागली, आणि धोकादायक स्टॉल चाचण्यांसाठी शेपटीत हवाई छत्री ठेवण्याची पद्धत दृढ झाली. पण बचावाच्या साधनाचीही चाचणी हवी. ३ एप्रिल १९८० रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटावर चॅलेंजर जातीच्या व्यावसायिक जेटची अशी छत्री उघडली आणि विमान स्टॉलमधून बाहेरही आले, पण नंतर ती छत्री विमानापासून सुटलीच नाही. दोघे उडी मारून वाचले, वैमानिक मात्र वाचला नाही.

भाकीत आणि मोजमाप यांतील अंतराकडे डोळेझाक झाली की काय होते, हे २ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेतील रॉझवेल येथे दिसले. गल्फस्ट्रीम जी-६५० हे मोठे व्यावसायिक जेट एक इंजिन बंद पडल्याच्या परिस्थितीत उड्डाण घेण्याची चाचणी करत होते. जमीन सोडताच त्याचा उजवा पंख स्टॉल होऊन खाली गेला, विमान घसरत जाऊन पेटले आणि चार जणांचा अंत झाला. जमिनीच्या अगदी जवळ पंख एरवीपेक्षा अधिक बल देतो, पण तो स्टॉल मात्र कमी कोनातच होतो, आणि हा कोन अभियंत्यांनी प्रत्यक्षापेक्षा अधिक धरला होता. मला यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळी वाटते. याआधीच्या दोन चाचणी उड्डाणांत विमान असेच एका बाजूला कलले होते, पण त्यांचा पुरेसा छडा लावला गेला नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसून आले. विमानाने धोक्याची सूचना दिलेली होती, पण मूळ आकडा तपासून पाहिला गेला नाही.

वेगाच्या दुसऱ्या टोकाला फ्लटर असतो. पंख लवचिक असतात, आणि त्यांना वाकण्याची व पिळवटण्याची स्वतःची कंपने असतात. मंद वेगात हवा ही कंपने शमवते. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर वाकणे आणि पिळवटणे एकमेकांना साथ देऊ लागतात, हवा ऊर्जा काढून घेण्याऐवजी पुरवू लागते, आणि काही सेकंदांत पंख किंवा शेपूट तुटू शकते. म्हणून पहिल्या उड्डाणाआधीच विमानाला मऊ आधारांवर उभे करून यंत्रांनी हलवतात आणि त्याच्या कंपनांची नोंद घेतात. मग आकाशात प्रत्येक वेगावर नियंत्रणपृष्ठांना लहान झटके दिले जातात आणि ती थरथर किती लवकर विरते हे पाहिले जाते. मोजमापे रेडिओद्वारे जमिनीवरील अभियंत्यांकडे पोहोचतात, आणि त्यांनी अनुमती दिल्याशिवाय वेग पुढे वाढवला जात नाही. एअरबस ए-३८० या विमानाची नेहमीच्या वापरातील वेगमर्यादा माख ०.८९, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८९ पट, आहे, पण चाचणीत ते माख ०.९६ पर्यंत नेले गेले. सरळ उड्डाणात एवढा वेग मिळत नाही, त्यासाठी नाक खाली करून सूर मारावा लागतो. नियमाची मागणी याहूनही पुढची आहे. सूर मारून गाठलेल्या वेगाच्या १५ टक्के पलीकडेही फ्लटर होणार नाही, हे गणिताने दाखवावे लागते. तेथपर्यंत विमान नेले जात नाही, आणि म्हणूनच त्या वेगाच्या अलीकडे घेतलेल्या मोजमापांनी गणिताची सत्यता पटवलेली असणे अत्यावश्यक ठरते.

ब्रेकची चाचणी जमिनीवर होते, पण तीव्रतेत ती कमी नाही. कमाल वजनाचे विमान उड्डाणाच्या वेगापर्यंत नेऊन, पूर्ण झिजलेल्या ब्रेकांनी, इंजिनांचा उलटा झोत न वापरता थांबवायचे असते. ४०० टनांचे विमान सेकंदाला ८० मीटर वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १.२८ अब्ज जूल होते, आणि तिचा मोठा भाग ब्रेकांत उष्णता होऊन साठतो. एवढी उष्णता सुमारे ३८०० लिटर पाण्याला २० अंशांवरून उकळबिंदूपर्यंत नेऊ शकेल. ब्रेकच्या चकत्या तापून लाल होतात. टायर फुटू नयेत म्हणून चाकांत वितळणाऱ्या खुंट्या बसवलेल्या असतात. त्या वितळल्या की हवा सावकाश निघून जाते. विमान थांबल्यावर अग्निशमन दलाने पाच मिनिटे हात न लावता दूर उभे राहायचे असते, कारण प्रत्यक्ष प्रसंगी मदत पोहोचायला तेवढा वेळ लागू शकतो.

चाचणी वैमानिकाला आता ब्रेक दाबायचा आहे हे आधीच ठाऊक असते, प्रवासी विमानाच्या वैमानिकाला नसते. म्हणून उड्डाण रद्द करण्यासाठी लागणाऱ्या अंतराच्या तक्त्यांत निर्णयाच्या वेगाने (ज्या वेगापर्यंतच उड्डाण रद्द करायला सुरुवात करता येते) २ सेकंदांत कापले जाणारे अंतर वेगळे जोडले जाते. सेकंदाला ८० मीटर वेगाने धावणाऱ्या विमानासाठी ते १६० मीटर भरते.