पलंगपोस भिंतीवर येतो: फुलांच्या जुन्या वस्त्रनक्षीची पार्श्वभूमी

इंग्रजीतल्या ‘पॅलम्पोर’ या शब्दात आपला पलंगपोस लपलेला आहे, आणि ‘चिंट्झ’मध्ये चीट, म्हणजे जुन्या परकरांचं चिटाचं कापड. घरात लावायला जुन्या फुलांच्या नक्षीचे जे प्रिंट फ्रेम करून मिळतात, त्यातल्या बऱ्याच नक्षींचं मूळ या दोन शब्दांत आहे. अंथरायच्या, पांघरायच्या, नेसायच्या कापडासाठी काढलेली ही फुलं. ती काचेमागे नेताना त्यांचं मूळ माप आणि मूळ काम माहीत नसेल तर प्रिंट फसतो.

सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर, मछलीपट्टणम आणि त्याच्या दक्षिणेला, हे पलंगपोस हातानं रंगवले जात. काम फार चिकाटीचं. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं, आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमची रेघ फुटत नाही. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्यानं काळ्या रेषा काढायच्या. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी लावायचं आणि मग चाय नावाच्या झुडपाच्या मुळ्यांच्या काढ्यात कापड उकळायचं. तुरटी लावलेल्या जागीच लाल धरतो, बाकीचा रंग धुण्यात आणि उन्हात निघून जातो. तुरटी दाट असेल तर लाल, पातळ असेल तर गुलाबी, तुरटीत लोखंड मिसळलं तर जांभळट. निळ्यासाठी उलटा मार्ग: निळं नको तिथे मेण लावून झाकायचं, निळीच्या हौदात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढायचं. पिवळा सर्वांत शेवटी, ब्रशनं. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा.

हा शेवटचा पिवळा कच्चा असतो, उजेडात तोच आधी उडतो. म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या चिटांवर पानं निळी दिसतात. प्रिंटवर निळी पानं पाहून चित्रकाराची कल्पनाशक्ती वाखाणली जाते. खरं तर ती पानं कधीकाळी हिरवी होती. दुसरी खूण काळ्या रेषांत सापडते. लोखंड वर्षानुवर्षं सुताला खातं, त्यामुळे पाकळीची कड जागोजाग तुटलेली असते. चांगल्या प्रिंटमध्ये ती तूट दिसते. कॉम्प्युटरवर रेषा जोडून गुळगुळीत केलेली असेल तर हाताचं काम पुसलं गेलं असं समजावं.

ही फुलं निव्वळ भारतीयही नाहीत. आधी लाल किंवा गडद जमिनीवर, म्हणजे कापडाच्या पार्श्वभूमीवर, नक्षी असे. १६४३ साली लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीनं कळवलं की पांढरी जमीन जास्त ठेवा आणि फुलं-फांद्या रंगीत असू द्या. पुढे युरोपातून नमुने येत राहिले. खडकाळ टेकडीतून उगवणारं, एकाच फांदीवर दहा जातींची फुलं धरणारं ते झाड या देवाणघेवाणीतून घडलं. माल इतका खपला की तिथले विणकर बिथरले: फ्रान्समध्ये १६८६ ते १७५९ बंदी, इंग्लंडमध्ये १७०० चा कायदा, मग १७२१ चा आणखी कडक, जो १७७४ मध्ये उठला. बंदीच्या काळात युरोप स्वतः छापायला शिकला. ओबरकाम्फ नावाच्या कापड छापणाऱ्यानं १७६० मध्ये पॅरिसजवळच्या जुई गावी कारखाना काढला. तिथे लाकडी ठशांनंतर १७७० पासून तांब्याच्या सपाट पत्र्यांवरून आणि १७९७ पासून तांब्याच्या रुळांवरून छपाई झाली.

ठसा, पत्रा, रूळ हा क्रम फ्रेम करणाऱ्यानं लक्षात ठेवावा, कारण नक्षीचं माप त्यावर ठरतं. लाकडी ठसा हातात मावेल एवढाच, म्हणून बुट्टे लहान आणि जवळजवळ. तांब्याचा पत्रा जवळपास गजभर, त्यामुळे त्यावर मोठ्या फांद्या आणि आख्खे प्रसंग बसले. रुळाचा घेर त्याहून बराच कमी, म्हणून त्याच त्याच फुलाची आवृत्ती पुन्हा लवकर येते. पलंगपोसाला आवृत्ती नाहीच, ते एकच आख्खं चित्र.

एकोणिसाव्या शतकात नक्षीची पुस्तकं झाली. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियमचा प्रमुख फोर्ब्स वॉटसन यानं भारतीय कापडाचे 700 नमुने 18 खंडांत चिकटवून 20 संच तयार केले. 13 ब्रिटनमध्ये ठेवले, 7 भारतात पाठवले. उद्देश स्पष्ट होता: तिकडच्या गिरण्यांना कळावं की इथे काय खपतं. त्याच शतकात विल्यम मॉरिस या इंग्लिश नक्षीकारानं उलट दिशेनं जाऊन ठसे आणि वनस्पतीचे रंग पुन्हा हाती घेतले. त्याच्या १८८३ च्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’मध्ये कापड आधी पूर्ण निळीत बुडवलं, मग ब्लीचच्या ठशानं निळा उतरवला आणि त्या जागी लाल-पिवळा भरला. आज फ्रेममध्ये ही नक्षी वारंवार दिसते.

सोलापुरात इथे एक गल्लत होते. चादरीवरच्या फुलाला ‘प्रिंट’ म्हणतात, पण ते छापलेलं नसतं, विणलेलं असतं. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीमुळे आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे हे गाव वस्त्रोद्योगाचं झालं, आणि इथल्या चादरीची ओळख जॅकार्ड मागावर बनली. नक्षी आधी चौकडीच्या कागदावर काढतात, एक चौकट म्हणजे एक ताणा (उभा धागा) आणि एक बाणा (आडवा धागा). त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, एका बाण्याला एक पुठ्ठा, आणि कुठले ताणे उचलायचे ते ती भोकं ठरवतात. मागाला ताणे उचलणारे 400 हूक आणि इंचाला 40 ताणे असतील तर फुलाची आवृत्ती 10 इंचांपलीकडे जाऊ शकत नाही. साध्या विणीत त्याच 10 इंचांच्या उंचीला, इंचाला 40 बाणे धरले तर, 400 पुठ्ठे लागतात. म्हणून चादरीच्या पाकळीची कड जवळून पायऱ्यांसारखी दिसते. दुहेरी विणीमुळे मागच्या बाजूला तेच फूल रंग उलटे होऊन येतं. जुन्या चौकडीच्या कागदावरची अशी रेखाटनं कुठल्याही इंग्रजी नक्षीइतकीच फ्रेमच्या लायकीची आहेत, आणि रद्दीत जाण्याआधी ती जपली जावीत.

आता मापाचा हिशेब. 3 मीटर उंच पलंगपोस 18 इंचांत आणला तर तो साडेसहा पटीनं लहान होतो. 1 मिलिमीटरची रेघ 0.15 मिलिमीटर उरते आणि दुरून राखाडी धूर दिसतो. म्हणून पलंगपोसाचा तुकडा घ्यावा, एक फांदी, जवळपास मूळ मापात. आवृत्तीच्या नक्षीत मात्र निदान सव्वा आवृत्ती दिसली पाहिजे, नाहीतर वेल कुठून आली आणि कुठे गेली ते कळत नाही. 12 बाय 18 इंचांच्या प्रिंटसाठी फाइल 3600 बाय 5400 पिक्सेलची हवी. त्याहून लहान फाइल ताणली की सुताचा पोत आधी मरतो.

शाई पिगमेंटची घ्यावी, कागद आम्लरहित सुती. प्रिंटवाल्याला जमीन पांढरीशुभ्र करू नका असं बजावून सांगावं. जुन्या सुताचा पिवळट रंग गेला की लाल भडक वाटू लागतो. माउंट, म्हणजे प्रिंटवर ठेवायची मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, चारही बाजूंनी अडीच इंच आणि खिडकी कागदापेक्षा प्रत्येक बाजूला 3 मिलिमीटर आत. माउंटमुळे काच कागदाला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात आतली वाफ धरून शाई काचेला चिकटते. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ कागदाच्या पट्टीनं आणि गव्हाच्या खळीनं अडकवावा. मागावर चढण्याआधी सुताला देतात तीच खळ, फक्त मोरचूद वगैरे काही न घालता. चारही कडा चिकटवल्या तर मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आखडलेला कागद जुलैत फुगतो आणि लाटा येतात. सेलोटेप दोन-तीन वर्षांत पिवळा पडून डाग सोडतो.

पाठीला नुसता हार्डबोर्ड लावला तर त्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं. मध्ये आम्लरहित पुठ्ठा हवा. मागची फट तपकिरी कागदी टेपनं बंद करावी, नाहीतर कसर शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि हवा खेळते. सोलापूरच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी, कारण पिगमेंट शाईसुद्धा दुपारच्या थेट उजेडात टिकत नाही. आतल्या खोलीतली, पलंगाच्या डोक्याकडची भिंत चांगली.