निपलमधून रक्ताचा थेंब आला म्हणजे कॅन्सरच का?

ब्रावर लालसर डाग दिसला की पोटात गोळाच येतो आणि मग कुणाला न सांगता कितीतरी जणी आठवडेच्या आठवडे काढतात. म्हणून आधीच सांगते, निपलमधून रक्त येण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे पॅपिलोमा, दूधनलिकेच्या आत वाढलेली चामखिळीसारखी साधी गाठ, तो कॅन्सर नव्हे. पण साधीच आहे हे घरबसल्या ठरवता येत नाही, ते तपासूनच कळतं.

एका स्तनात साधारण 15 ते 20 दूधनलिका असतात. पॅपिलोमा एकच असेल तर बहुतेक वेळा निपलजवळच्या मोठ्या नळीत असतो, तोही काही मिलिमीटरचा, मग हाताला लागणार कसा? डॉक्टर आधी विचारतात, स्राव आपोआप येतो का दाबल्यावर, एकाच बाजूने का दोन्ही. दोन्हीकडून दुधाळ येत असेल तर कारण सहसा वेगळं निघतं, हार्मोन्स किंवा चालू असलेलं एखादं औषध. मग निपलभोवती घड्याळाच्या काट्यासारखं बोट फिरवत हलकं दाबत जातात आणि एका ठरावीक जागी दाबलं की नेमक्या एकाच छिद्रातून थेंब वर येतो, तो पांढऱ्या गॉझवर टिपला की पाणी आहे का रक्त ते स्पष्ट दिसतं. मला ही तपासणी फार मोलाची वाटते, कारण कुठली नळी ते मशीनच्या आधी बोटच सांगतं. घरी मात्र सारखं दाबून बघू नका, त्याने स्राव येतच राहतो.

मॅमोग्राफीत एवढीशी गाठ बऱ्याचदा दिसतच नाही, सोनोग्राफीत फुगलेल्या नळीत दिसू शकते, आणि दोन्हीत काही नाही पण रक्त येतंच आहे तर एमआरआय करतात. स्रावाची स्लाइड, म्हणजे काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासलेला थेंब, नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, तेवढ्यावरून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही.

शेवटी खात्री होते ती सुईने तुकडा काढून, म्हणजे कोअर बायोप्सीने. मायक्रोस्कोपखाली मधे बारीक रक्तवाहिन्यांचा दांडा आणि त्यावर पेशींचे दोन थर दिसतात, त्यातला खालचा थर शाबूत असणं ही साधेपणाची मोठी खूण. तरी सुईत गाठीचा थोडाच भाग येतो, म्हणून रिपोर्टमध्ये "अटिपिया" हा शब्द असला, म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसत असल्या, तर सहसा अख्खी गाठ काढून परत तपासतात. तो शब्द नसेल, गाठ लहान असेल आणि त्रासही नसेल तर बऱ्याच जणींना नुसतं सोनोग्राफीवर लक्ष ठेवून चालतं.