ग्रँटना स्मिथ भेटले, इतरांना कोण भेटणार?

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगोत 15 वर्षांचा जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट एका दंतवैद्याकडे सांगकाम्या होता. डॉ. अल्बर्ट स्मिथ यांनी पोराचा हात ओळखला, त्याला प्रयोगशाळेत घेतलं आणि ‘दंतवैद्यच हो’ म्हणून पाठीशी उभे राहिले. 1870 मध्ये ग्रँट हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे तिथलेच पहिले कृष्णवर्णीय अध्यापक झाले. दुभंगलेली टाळू हा त्यांचा खास विषय. टाळूला फट असली की हवा नाकावाटे निसटते, मग ‘प’, ‘ट’सारखी अक्षरं धड फुटत नाहीत आणि प्यायलेलं दूध नाकातून येतं. ही फट बुजवणारी कृत्रिम टाळू त्यांनी घडवली.

स्मिथ भेटले हे ग्रँट यांचं नशीब. पण शिक्षक घडवणं नशिबावर सोडून कसं चालेल? अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 13 टक्के आहेत, दंतवैद्यांत मात्र जेमतेम 4 टक्क्यांच्या आसपास. शिकवणाऱ्यांतही ते मोजकेच, आणि त्यातले बरेचसे हॉवर्ड आणि मेहॅरी या दोन जुन्या कृष्णवर्णीय संस्थांत. डोक्यावर शिक्षणाचं भलंमोठं कर्ज असताना खासगी दवाखान्याची कमाई सोडून कॉलेजच्या पगारावर यायचं, हे सोपं नाही.

आलेल्यांची वाट आणखी बिकट. विविधतेच्या प्रत्येक समितीवर त्यांचंच नाव, आपल्या समाजातले विद्यार्थी अडचणीत आले की दार त्यांचंच. ही कामं मोलाची आहेत, पण बढतीच्या वेळी मोजले जातात ते शोधनिबंध. तिथे याला ‘अल्पसंख्याकांवरचा कर’ म्हणतात, आणि मला तो शब्द अगदी नेमका वाटतो.

म्हणून मार्गदर्शनाच्या योजना आल्या. 1975 मध्ये हॉवर्डच्या अधिष्ठाता झालेल्या, अमेरिकी दंतमहाविद्यालयांतल्या पहिल्या स्त्री अधिष्ठाता जीन सिंकफर्ड यांनी या कामाला पुढे मोठा रेटा दिला. डॉक्टरांसाठी 1983 मध्ये सुरू झालेल्या, आज हार्वर्डचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हॅरॉल्ड एमॉस यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतही नंतर दंतवैद्यक आलं. तिथे चार वर्षं पैसा मिळतो, ज्येष्ठ मार्गदर्शक मिळतो आणि किमान 70 टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो.

माझ्या मते या अटीतच खरी ताकद आहे. नव्या प्राध्यापकाला विभागप्रमुखाला ‘नाही’ म्हणता येत नाही. नियम हातात असला की मार्गदर्शक थेट जाऊन सांगू शकतो: ‘ही समिती दुसऱ्या कुणाला द्या, या नव्या प्राध्यापिकेचा संशोधन-निधीसाठीचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचाय.’