सिकलसेलचा जीन 'दुरुस्त' झालेला नाही: कॅसजेव्ही आणि लिफजेनिया

झाबुआ-अलीराजपूर शेजारी असल्यामुळे इंदूरकरांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशी, हाडांतली कळ, वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे पुन्हा सांगत नाही. घोळ आहे तो नव्या उपचारांचा. 8 डिसेंबर 2023ला अमेरिकेत कॅसजेव्ही आणि लिफजेनिया ही सिकलसेलवरची दोन जीन-उपचारं एकाच दिवशी मंजूर झाली, आणि तेव्हापासून जो तो सांगतो, "बिघडलेला जीन कापून नीट केला." दोन्हींबाबत हे साफ चूक आहे.

कॅसजेव्हीत क्रिस्परची, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राची, कात्री चालते खरी, पण सिकलच्या जीनवर नाही. तो जीन 11व्या गुणसूत्रावर, कात्री लागते 2ऱ्यावर: बीसीएल11ए या जीनच्या एका छोट्या नियंत्रक भागात. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, दाबून ठेवणारा हाच जीन. तांबड्या पेशी घडताना त्याचा जोर ओसरला की एचबीएफ पुन्हा बनू लागतं आणि पेशी वाकायच्या थांबतात. एचबीएस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, मात्र बनतच राहतं. उपचारानंतरच्या एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) रिपोर्टात एफ सुमारे 40 टक्के आणि उरलेलं बहुतेक एस दिसलं, तर उपचार फसला असं समजू नका. तो असाच चालतो.

लिफजेनियात कात्रीच नाही, म्हणून तिला 'जीन एडिटिंग' म्हणू नये. लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमार्फत बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनची एक साखळी, सिकलमध्ये हीच बिघडते) याच्या जीनची जादा प्रत रक्ताच्या मूळपेशींत घालतात. त्या प्रतीतून बनणाऱ्या साखळीत 87व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन असतं. एचबीएफच्या गॅमा साखळीतही तिथे ग्लुटामिनच असतं, आणि ते एचबीएसचे पेशी वाकवणारे धागे जुळू देत नाही. वाट वेगळी, पण युक्ती गर्भातल्या हिमोग्लोबिनचीच!

बाकीचे फरक थोडक्यात: किंमत कॅसजेव्हीची 22 आणि लिफजेनियाची 31 लाख डॉलर, लिफजेनियावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा आहे. पेशी काढणं, बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करणं, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहणं हे दोन्हींत सारखंच.

खरी अडचण लग्न ठरवताना येते. दोन्ही उपचार फक्त रक्ताच्या मूळपेशींवर होतात. शुक्राणू आणि बीजांडं जशीच्या तशी राहतात. दोन्ही प्रती सिकलच्या असलेला रुग्ण ठणठणीत बरा झाला तरी प्रत्येक मुलाला त्याच्याकडून एक सिकल प्रत मिळणारच. जोडीदार वाहक (एकच सिकल प्रत असलेला) असेल, तर प्रत्येक गर्भारपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 50 टक्के. म्हणून 1 जुलै 2023ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतलं तपासणी कार्ड उपचारानंतरही जोडीदाराच्या कार्डाशी जुळवून पाहायलाच हवं. बुसल्फानमुळे वंध्यत्व येऊ शकतं, त्यामुळे आधी वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवावी लागतात. त्यांतही तोच जुना जीन असतो.